निवड एकाची, मरण दुसऱ्याचं

ऐतरेय ब्राह्मणात विकल्या गेलेल्या एका मुलाची गोष्ट आहे. राजा हरिश्चंद्राला मूल नव्हतं. त्याने वरुणाला नवस केला, मुलगा होऊ दे, त्याचाच बळी तुला देईन. मुलगा झाला, त्याचं नाव रोहित. वरुण नवस फेडायला सांगायचा आणि राजा मुदत मागायचा. दहा दिवस होऊ देत, दात येऊ देत, ते पडू देत, पुन्हा येऊ देत, हत्यार पेलण्याएवढा होऊ दे. मुलगा तेवढा झाला, बापाने त्याला नवस सांगितला, आणि तो धनुष्य उचलून रानात निघून गेला. इकडे राजाला जलोदर झाला. रोहित वर्षानुवर्षं रानात भटकत राहिला. तिथे त्याला अजीगर्त नावाचा ऋषी भेटला. पोटात अन्न नाही आणि पदरात बायको व तीन मुलगे. रोहिताने त्याच्यापुढे शंभर गाई ठेवल्या आणि आपल्या जागी बळी द्यायला एक मुलगा मागितला. थोरल्याला बापाने जवळ ओढलं, धाकट्याला आईने. मधला उरला, शुनःशेप.

यज्ञाच्या दिवशी त्याला यूपाला बांधायला कुणी पुढे येईना. बापाने आणखी शंभर गाई घेतल्या आणि बांधलं. मारायलाही कुणी तयार होईना. बापाने आणखी शंभर मागितल्या आणि शस्त्राला धार लावत पुढे आला. तेव्हा तो मुलगा एकेका देवाला हाक मारू लागला. ऋचा म्हणता म्हणता पाश गळून पडले आणि राजाचं पोट उतरलं. मग अजीगर्त त्याला परत न्यायला आला. शुनःशेपाने साफ नकार दिला आणि तो विश्वामित्राचा मुलगा झाला.

हा संग्रह याच कथेने सुरू होतो, आणि तो का केला तेही इथेच सांगायला हवं. या कथेत जवळजवळ प्रत्येक जण काहीतरी निवडतो. राजा नवस निवडतो, रोहित पळून जाणं निवडतो, बाप गाई निवडतो, आईसुद्धा धाकटं पोर निवडते. ज्याने मरायचं त्याला मात्र कुणी विचारत नाही. मृत्यू आणि नीती यांच्याबद्दल अभिजात साहित्य काय सांगतं, असं म्हटलं की आपल्यासमोर नायक उभे राहतात: शरपंजरी भीष्म, विषाचा पेला हातात घेतलेला सॉक्रेटिस, आळंदीत १२९६ साली समाधी घेणारे ज्ञानेश्वर. ही माणसं स्वतः निवडतात आणि स्वतः मरतात. त्यांचं मोठेपण वादातीत आहे. पण साहित्यातल्या बहुतेक मरणांची जात ही नाही. तिथे निवड एकाची असते आणि मरण दुसऱ्याच्या वाट्याला येतं. या संग्रहातले उतारे वाचताना, हा माणूस धैर्याने मेला का, हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा आणि हे मरण कुणाच्या निवडीचं, असं विचारावं, एवढीच माझी विनंती आहे.

सावर्ड्यात आम्ही काही जण एकत्र बसून वाचतो. कुणी सह्याद्री शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयात चित्र-शिल्प शिकणारी मुलं, कुणी मुंबईत नोकरी करून गावी परतलेले, कुणी घरचं आवरून येणाऱ्या बायका. सावर्डे हे महामार्गावरचं आणि कोकण रेल्वेच्या मार्गावरचं गाव, माणसांची ये-जा भरपूर. वाचायची आमची रीत मात्र जुनी आहे. गौरी-गणपतीत आमच्या वाड्यांतून जाखडी नाचते तेव्हा शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना पुराणातले सवाल घालतात. ढोलकीवर थाप पडते, रिंगण फिरतं आणि मध्ये उभा राहिलेला शाहीर समोरच्याला अडवतो: सांग, अमुक वेळी अमुक कुठे होता, तमक्याने असं का केलं. उत्तर आलं नाही तर लाज जाते, म्हणून शाहीर पावसाळाभर पोथ्या धुंडाळतात. श्रीधराचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ हे अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावरचे ग्रंथ कोकणातल्या ज्या घरांत इतर एकही पुस्तक नव्हतं तिथेही वाचले-ऐकले गेले, त्यात या सवाल-जवाबांचाही वाटा असला पाहिजे असं मला वाटतं. पुराणाला प्रश्न विचारणं इथे पाखंड मानलं गेलं नाही. हा संग्रह त्याच बळावर उभा आहे.

आमच्या जिल्ह्याने या विषयावर मराठीतला सगळ्यात मोठा सवालही घातलेला आहे. लोकमान्य टिळक १८५६ साली रत्नागिरीत जन्मले. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं, ते १९१५ साली छापून आलं. त्याचं दुसरं प्रकरण ‘कर्मजिज्ञासा’ वाचलं नसेल तर या संग्रहाच्याही आधी ते वाचा. गीतेवरचा ग्रंथ, पण अर्जुनाच्या पेचाशी नातं सांगणारी उदाहरणं म्हणून तिथे सुरुवातीलाच शेक्सपिअरचे कोरिओलेनस आणि हॅम्लेट येतात. मग अहिंसा, सत्य, अस्तेय अशी एकेक मोठी नीतितत्त्वं टिळक उचलतात आणि प्रत्येक तत्त्व कुठे मोडून पडतं ते महाभारतातूनच दाखवतात. दुष्काळात चांडाळाच्या घरातून कुत्र्याचं मांस चोरणारा विश्वामित्र तिथे भेटतो. मिल, सिज्विक, ग्रीन यांच्याशीही ते त्याच दमात बोलतात. तुरुंगवासात एका माणसाने स्मरणाच्या आणि पत्रांनी मागवलेल्या पुस्तकांच्या आधारे हे लिहिलं, हे आठवलं की आजही माझा ऊर भरून येतो.

त्याच प्रकरणात कौशिकाची कथा आहे, ती आम्ही मूळ कर्णपर्वातून घेतली आहे. प्रसंग असा. कर्णाकडून मार खाऊन शिबिरात परतलेला युधिष्ठिर संतापाने अर्जुनाला म्हणतो, तुझं गांडीव दुसऱ्याला देऊन टाक. असं म्हणणाऱ्याचा वध करीन अशी अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा असते. तो थोरल्या भावावर तलवार उपसतो. कृष्ण त्याला थांबवतो आणि कौशिक नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट सांगतो. कौशिकाचं व्रत होतं, नेहमी खरं बोलायचं. दरोडेखोरांना भिऊन काही माणसं त्याच्या जवळच्या रानात लपली. दरोडेखोरांनी विचारलं आणि त्याने खरं ते सांगितलं. माणसं मारली गेली. कौशिक नरकात गेला. मग कृष्ण अर्जुनाला वाट काढून देतो: वडीलधाऱ्याला अरे-तुरे कर, तोच त्याचा वध. अर्जुन तसं करतो आणि त्या पश्चात्तापाने स्वतःचाच जीव द्यायला निघतो. कृष्ण पुन्हा सांगतो: स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती कर, तीच आत्महत्या. एका दुपारी दोन मरणं शब्दांवर निभावली. महाभारतातला हा प्रसंग मला अत्यंत मोलाचा वाटतो, कारण इथे व्रतापेक्षा माणसाचा जीव मोठा ठरतो आणि तसं ठरवणारा देव आहे.

टिळकांचं लक्ष कर्त्याच्या बुद्धीवर आहे. कर्म करणाऱ्याची बुद्धी सम आणि शुद्ध असली पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष सगळ्या ग्रंथातून वाहतो. मी त्यापुढे नतमस्तक आहे, तरी माझं मन त्या रानातल्या माणसांपाशी अडतं. ती कोण होती? किती होती? त्यांच्यात लेकुरवाळ्या बायका होत्या का? कथा कौशिकाची आहे, म्हणून नरकही त्याचा आणि धडाही त्याचा. मेलेल्यांना नाव नाही.

तिवरे धरण आमच्याच चिपळूण तालुक्यातलं. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं आणि पायथ्याची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसं गेली. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. कौशिकाची कथा वाचून झाली तेव्हा आमच्याकडे पहिल्यांदा नाव निघालं ते तिवऱ्याचं. कौशिक बोलला म्हणून माणसं मेली. इथे जे करायचं ते वेळेवर झालं नाही. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो तेव्हाही निवड होत असते आणि ती करणारा रात्री आपल्या घरी सुखरूप झोपलेला असतो. जुन्या ग्रंथांत अशा निवडीचं चित्र फारसं सापडत नाही. राजाने दुर्लक्ष केलं की दुष्काळ पडतो, एवढ्यावर ते थांबतात. ही उणीव आपण वाचकांनी भरायची आहे.

आता स्वतः निवडलेल्या मरणाकडे येतो. तेही इतकं सरळ नसतं. भीष्माला इच्छामरणाचा वर मिळाला तो ब्रह्मचर्याच्या प्रतिज्ञेबद्दल, वडील शंतनूकडून. शरपंजरी पडून तो उत्तरायणाची वाट पाहतो आणि त्या दिवसांत युधिष्ठिराला राजधर्म सांगतो. पण त्याच प्रतिज्ञेपायी अंबा कुठलीच उरली नाही. भावासाठी भीष्माने तिला जिंकून आणलं, शाल्वावर तिचं मन आहे म्हणून परत पाठवलं, शाल्वाने नाकारली, भीष्माने स्वीकारली नाही. ती चितेत गेली ती भीष्माला मारण्याचा संकल्प करून, आणि शिखंडी होऊन परत आली. भीष्माच्या मरणाचा सोहळा आपण उत्तरायणाशी जोडतो. त्याचा आरंभ अंबेच्या चितेत आहे. दुर्गाबाई भागवतांचं ‘व्यासपर्व’ आणि इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’, १९६२ आणि १९६७ ची ही दोन पुस्तकं आमच्या पिढीच्या हाती आली नसती तर अशा जागी थांबायला आम्ही शिकलो नसतो. ‘युगान्त’मधल्या ‘मयसभा’ या लेखात खांडववन जाळण्याचा प्रसंग येतो. वन जळतं, त्यातले जीव जळतात, आणि त्या राखेवर पांडवांची डोळे दिपवणारी सभा उभी राहते. इरावतीबाईंनी तो हिशेब इतक्या शांतपणे मांडला आहे की वाचणाऱ्याला राग यायला थोडा वेळ लागतो.

धर्मशास्त्राने इच्छामरणाला काय म्हटलं हे शोधायलाही आम्हाला लांब जावं लागलं नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे चिपळूणजवळच्या परशुराम-पेढ्याचे, जन्म १८८०. त्यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या इंग्रजी ग्रंथाचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात निघाले आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. आत्मघात पाप आहे असं स्मृतिकार बजावतात, आणि त्याच परंपरेत असाध्य रोगाने किंवा जराजर्जर झालेल्याला अग्नी, जल, महाप्रस्थान यांची वाट खुली ठेवलेली दिसते. पुढे कलिवर्ज्य प्रकरणात महाप्रस्थानच वर्ज्य ठरतं. काणे हे सगळं वचनांनिशी पुढे ठेवतात. परंपरेचा एकच सूर होता असं सांगणाऱ्याने ती पानं उघडून पाहावीत. रत्नागिरीत १९२४ ते १९३७ ही वर्षं स्थानबद्धतेत काढलेल्या सावरकरांनी १९६६ साली अन्न-औषध सोडून प्राण ठेवला. विनोबांनीही पवनारला १९८२ साली तसंच केलं. विचारांनी दोन टोकांना असलेली ही माणसं शेवटी एकाच जुन्या वाटेने गेली, याची नोंद करून मी पुढे जातो.

साने गुरुजींबद्दल मात्र थांबलंच पाहिजे. दापोली तालुक्यातलं पालगड हे त्यांचं गाव. जन्म २४ डिसेंबर १८९९. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आईच्या मरणापर्यंत जाणाऱ्या त्या पुस्तकात नीतीचे धडे आहेत असं सगळे म्हणतात. मला त्यात दिसतं ते असं की आई मुलाकडून जे जे मागते ते आधी स्वतः सोसते. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी आमरण उपोषण केलं. १ मे ते १० मे. मंदिर खुलं करण्याचं ठरलं तेव्हाच ते सुटलं. या संग्रहाच्या दृष्टीने त्या दहा दिवसांएवढी मोठी घटना विसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात मला दुसरी दिसत नाही. शतकानुशतकं निवड पुजाऱ्यांची आणि सोसणं दाराबाहेरच्यांचं, असा जो क्रम होता तो एका माणसाने उलटा केला: मागणं दाराबाहेरच्यांसाठी आणि पणाला लावलेला जीव स्वतःचा.

११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यांच्या त्या मरणाला कुणी समाधी म्हटलं, कुणी देशाच्या अधःपतनाचा निषेध. संपादनाला बसलो तेव्हा त्यावरचं लेखन घ्यावं अशी सूचना आली होती. मी नाही म्हटलं. पंढरपूरचं उपोषण ही निवड होती. आतून खचत गेलेल्या कोवळ्या माणसाचा शेवट हा निवडीचा नमुना म्हणून वाचकांपुढे ठेवायला माझं मन धजत नाही. त्या दुःखाला अर्थ चिकटवण्याची आपल्याला घाई होते, कारण अर्थ मिळाला की आपली सुटका होते.

याच कारणाने जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’बद्दल चार शब्द बजावून सांगतो. १९७० च्या दशकातलं हे नाटक. नाना आणि नानी, एक मुलगा अमेरिकेत, दुसरा हवाई दलात आणि तो जातो. शेवटी दोघं म्हातारे मिळून जग सोडतात. कोकणात आज कुलूप लागलेली घरं आणि एकटी म्हातारी माणसं दर वाडीला आहेत, त्यामुळे हे नाटक इथे वाचलं की कुणी ना कुणी उठून बाहेर जातं. नाटकाचा कणा एकटेपणाचा आहे. शेवटच्या कृतीला वाट समजू नये. वाचताना कुणाच्या मनात तसं काही येत असेल तर जवळच्या माणसाला सांगा, किंवा १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं. पुस्तकाच्या प्रस्तावनेत असं लिहायची पद्धत नाही. ती असावी.

आता ग्रीकांचा एक उतारा. युरिपिडीसचं ‘अल्सेस्टिस’ हे नाटक इसवी सनापूर्वी ४३८ साली अथेन्समध्ये झालं. राजा अॅडमीटसचा काळ जवळ आलेला असतो, पण त्याच्या जागी दुसरं कुणी मरायला तयार झालं तर तो वाचेल अशी सवलत मिळालेली असते. तो म्हाताऱ्या आईबापांना विचारतो. ते नाही म्हणतात. बायको हो म्हणते. तिच्या प्रेतापाशी बाप आणि मुलगा यांचं जे भांडण होतं ते वाचून अंगावर काटा येतो. मुलगा म्हणतो, तुम्ही इतके जगलात, तरी जीव सोडवला नाही. बाप म्हणतो, तू जगतो आहेस तो हिला मारून. दोघंही खरं बोलतात. शेवटी हेराक्लीस तिला मृत्यूकडून हिसकावून आणतो, पण परत आलेली अल्सेस्टिस एक शब्दही बोलत नाही. आपली सावित्री यमाशी बोलून नवरा परत मिळवते. ही नवऱ्यासाठी मरते आणि मुकी परतते. आमच्याकडच्या बायकांनी हे दोन उतारे एका बैठकीत वाचले आणि मग जी चर्चा झाली तिला वडपौर्णिमेचा दिवस पुरला नाही.

हॅम्लेटबद्दल मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. आगरकरांचं ‘विकारविलसित’ हे त्याचं मराठी रूप १८८३ चं. मारू की नको, जगू की नको, या घोळात अडकलेला राजपुत्र म्हणून आपण त्याला ओळखतो. पण तो घोळत असताना पडद्यामागचा म्हातारा पोलोनियस मरतो. ओफेलिया बुडते. शाळेपासूनचे दोन सोबती, रोझेनक्रँट्झ आणि गिल्डनस्टर्न, त्याने बदललेल्या पत्रापायी इंग्लंडात मारले जातात आणि त्याबद्दल त्याचं मन त्याला खात नाही. उदात्त संशयाने ग्रासलेला माणूस इतरांच्या जिवाबद्दल इतका निःसंशय असू शकतो, हे शेक्सपिअरने दाखवलं आणि पुढचे कितीतरी वाचक त्या स्वगताच्या मोहात ते विसरले.

मराठी रंगभूमीवरून आम्ही ‘एकच प्याला’ घेतलं. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये सावनेरला वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने ते बडोद्यात रंगभूमीवर आणलं. लिहिणाऱ्याने ते पाहिलंच नाही. दारूच्या नशेत सुधाकर आपल्या तान्ह्याचा जीव घेतो, सिंधू जखमी होते. पोलीस येतात तेव्हा सिंधू मरणाच्या दारात नवऱ्याला वाचवायला खोटं सांगते. कौशिकाच्या खऱ्याने निरपराध माणसं मेली. सिंधूच्या खोट्याने अपराधी वाचतो. शंभर वर्षं या खोट्यावर प्रेक्षागृहं रडली आणि तिच्या पातिव्रत्यावर वाद झाले. त्या वादात मला एक बाजू राहून गेलेली दिसते. त्या बाळाच्या बाजूने साक्ष द्यायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि तिने नवऱ्याची निवड केली. गडकऱ्यांनी सुधाकराला मग विषाचा प्याला दिला. सिंधूला तिचं खोटं बाळासाठी कसं वाटलं असेल, हे मात्र नाटक विचारत नाही. एवढ्या प्रतिभेच्या नाटककाराबद्दल हे म्हणताना मला आनंद होत नाही, पण आईच्या तोंडी ते एक वाक्य असतं तर हे नाटक जगातल्या कुठल्याही शोकांतिकेच्या बरोबरीने उभं राहिलं असतं.

आमच्यात रुग्णालयात आयुष्य घालवलेल्या एक परिचारिका आहेत. सिंधूवरून बोलणं चाललेलं असताना त्यांनी अरुणा शानबाग यांचं नाव घेतलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत त्या तिथेच अंथरुणावर होत्या. त्यांच्या वतीने दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला. ७ मार्च २०११ च्या निकालाने निष्क्रिय दयामरणाचं तत्त्व या देशात मान्य झालं, पण अरुणाताईंच्या बाबतीत अर्ज फेटाळला गेला, कारण त्यांची सर्वांत जवळची माणसं कोण, याचं उत्तर न्यायालयाने दिलं: त्यांना सांभाळणारे केईएमचे कर्मचारी. आणि त्यांना अरुणा जगायला हवी होती. आमच्या बाई म्हणाल्या, चाळीस वर्षं जिला कूस बदलून द्यायची तिच्याबद्दल मरणाचं बोलायला हक्क लागतो, आणि तो हात लावणाऱ्यालाच मिळतो. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. हात लावणाऱ्याचा थकवाही निवडीत येतो आणि प्रेमही येतं, आणि दोन्ही अंथरुणावरच्या माणसाचे नसतात. तरीही या प्रश्नावर मी वाचलेल्या कितीतरी लेखांपेक्षा त्यांचं बोलणं मला जास्त शिकवून गेलं.

शेवटी महाभारतातले उतारे आहेत, तिन्ही युधिष्ठिराचे. त्यांतले दोन सर्वांच्या परिचयाचे. तळ्याकाठी चारही भाऊ मरून पडले आहेत. यक्षाच्या प्रश्नांना उत्तरं दिल्यावर युधिष्ठिराला एकच भाऊ जिवंत करून मागता येणार आहे. तो नकुलाला मागतो. भीम नाही, अर्जुन नाही. यक्ष चकित होतो. युधिष्ठिर सांगतो, कुंतीचा मी आहे, माद्रीचाही एक असावा. माद्री तर केव्हाच पांडूच्या चितेवर गेलेली. जी स्वतः मागायला येऊ शकत नाही तिची आठवण ठेवून केलेली ही निवड आहे. दुसरा उतारा महाप्रस्थानाचा. द्रौपदी आणि भाऊ वाटेत पडले, उरला एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोड म्हणतो. जो भक्तीने मागे आला त्याला सोडणं महापाप आहे, असं म्हणून युधिष्ठिर स्वर्ग नाकारतो.

तिसरा उतारा आदिपर्वातला, लाक्षागृहाचा. विदुराने पाठवलेल्या खनकाने भुयार खणून ठेवलं आहे. निघायची वेळ आली तेव्हा युधिष्ठिर भावांना बेत सांगतो: शस्त्रागार पेटवू, पहाऱ्यावरच्या पुरोचनाला जाळू, सहा जीव इथे ठेवू आणि कुणाच्या नजरेस न पडता निघून जाऊ. सहा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीतही हा श्लोक आहे, त्यामुळे मागाहून कुणी घुसडला असं म्हणून सुटता येत नाही. मग कुंती अन्नदान करते. एक निषाद बाई आपल्या पाच मुलांसह जेवायला येते, काळानेच तिला आणलं असं कथा म्हणते, आणि सगळी मद्य पिऊन तिथेच झोपतात. रात्री भीम आग लावतो. सकाळी नगरवासीयांना एका बाईचा आणि पाच मुलग्यांचा कोळसा सापडतो आणि ते पांडवांसाठी रडतात. पुढे कुंती धृतराष्ट्र-गांधारीसोबत वणव्यात जळून जाते. महाश्वेतादेवींनी ‘कुंती ओ निषादी’ या बंगाली कथेत त्या वणव्याआधी कुंतीसमोर एका निषाद बाईला उभं केलं आहे. ती आमच्याकडच्या तरुण मुलांच्या हाती द्यावी असं मला फार वाटतं.

या तीन उताऱ्यांवर आमच्यात जो वाद पेटला तो अजून मिटलेला नाही. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, सहा प्रेतं मिळाली नसती तर दुर्योधनाने माणसं धाडून पांडवांना शोधून मारलं असतं. एका आईचे पाच मुलगे मरणार हे ठरलेलंच होतं, कुठल्या आईचे एवढाच प्रश्न होता. त्यावर चित्रकला शिकणारी एक मुलगी उठली. तिने विचारलं, ज्याने कुत्र्याला सोडलं नाही त्याने दारी जेवलेल्या बाईला कसं सोडलं? तिला उठवायचं होतं. भुयार बारा जणांना पुरलं असतं. पुढे वेषांतर करून एकचक्रेत भिक्षा मागून राहायचंच होतं, मग आणखी सहा माणसं बरोबर असती तर काय बिघडलं असतं? गृहस्थ म्हणाले, झोपेतून उठवलेली माणसं ओरडली असती. ती म्हणाली, मग जेवतानाच सांगायचं. त्यांनी पुरोचनाच्या पहाऱ्याची आठवण दिली, तिने खनकाची. दोघांपैकी कुणालाही मी गप्प करू शकलो नाही. म्हणून कुत्र्याचा आणि निषादीचा असे दोन्ही उतारे समोरासमोरच्या पानांवर छापायला दिले आहेत. वाद पुढे ज्याने त्याने आपल्या गावी चालवावा.